वसतिगृहात रात्री कोण जागे असते?



तुमच्या वर्गणीतून पुण्यातल्या काही वसतिगृहांत कर्मचाऱ्यांसाठी जे प्रशिक्षण चालते, त्याबद्दल लिहा, असा संपादकांचा निरोप आला. हे काम कसे सुरू झाले ते सांगायचे तर माझ्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली रात्र. एका मुलींच्या वसतिगृहात मी शिबिरासाठी मुक्कामाला होते. साडेअकराच्या सुमारास नववीतली एक मुलगी गुडघा धरून रडत असल्याचे मैत्रिणींनी येऊन सांगितले. मुलगी धडगावकडची, पावरा समाजाची. दिवसभर खेळ झाले होते, म्हणून मला वाटले पाय मुरगळला असेल. लहानपणापासून जे पाहिले तेच मी केले. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमधून बर्फ काढला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि तिच्या गुडघ्यावर धरला. ती कळवळली. मी म्हटले, "थोडे सहन कर बाळा, आत्ता आराम पडेल." वीस मिनिटे बर्फ धरून बसले, तिच्यासाठी प्रार्थना केली आणि झोपायला गेले.

पहाटे तिचे दोन्ही पाय आणि कंबर दुखत होती आणि अंग तापलेले होते. रिक्षाने रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तिचे पिवळसर डोळे पाहिले, गाव विचारले आणि पुढचाच प्रश्न केला, "सिकलसेल आहे का?" मुलगी गप्प. शेवटी हळूच म्हणाली, "कार्ड पेटीत आहे." पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड निघाले. सिकलसेलग्रस्त, एसएस पॅटर्न. मी बर्फाचे सांगितले तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "ताई, थंडीने तर हा झटका वाढतो. शेक द्यायचा असतो."

पाच दिवस ती दाखल होती. रक्त चढवावे लागले. बरी होऊन ती परत आली. मी मात्र तो टॉवेल विसरू शकलेले नाही. ईशज्ञानाच्या पदविकेत आजाऱ्याच्या उशाशी बसायला मला शिकवले होते. उशाशी बसून हातात बर्फ घ्यायचा की गरम पाण्याची पिशवी, हे कोणी शिकवले नव्हते.

पुण्यात हा प्रश्न कुठून आला, असे काही जण विचारतात. सिकलसेल म्हटले की नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली डोळ्यांपुढे येते. ते खरेच आहे. भिल्ल, पावरा, कोरकू, गोंड, माडिया अशा समाजांत आणि विदर्भातल्या इतरही काही समाजांत हा आजार जास्त आढळतो. पण मुले आता गावात राहिलेली नाहीत. आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत लहान मुले येतात, कॉलेजची मुले शासकीय वसतिगृहांत येतात, आणि मिशनच्या किंवा ट्रस्टच्या वसतिगृहांत आपल्यासारख्यांच्या ओळखीने येतात. आई-वडील चारशे किलोमीटरवर. पुण्याच्या शिक्षकांनी हा आजार पाहिलेला नसतो. त्यांचा तरी काय दोष? जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी किंवा मावळ-मुळशीच्या कातकरी मुलांना शिकवताना त्यांना याची गरज फारशी पडलेली नसते.

गंमत अशी, की या आजाराचा अभ्यास आपल्या शहराला नवा नाही. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे आदिवासी भागांतील सिकलसेलच्या संशोधनात आणि उपचारात घालवली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही १९६२ पासून पुण्यातच आहे. शहरात एवढे ज्ञान, आणि कॅम्पपासून रिक्षाच्या अंतरावरच्या वसतिगृहात मी बर्फ लावते आहे!

आता आजार काय आहे ते सांगते. प्रशिक्षणात मावशींना जसे सांगतो तसेच सांगते.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. केसाहून बारीक वाहिन्यांतूनही त्या वाकून, दबून निघून जातात. सिकलसेलमध्ये पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनच्या रचनेत एक छोटासा जन्मजात बदल असतो. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून घट्ट होते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळा. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही, आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना सुरू होतात. त्याला आपण वेदनेचा झटका म्हणू. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच मरते. म्हणून रक्त कायम कमी असते, आणि मेलेल्या पेशींतल्या द्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात.

एका वसतिगृहात स्वयंपाकाच्या मावशींनी यासाठी स्वतःच एक युक्ती काढली. नरसाळ्यातून मूग ओतले, ते भरभर खाली गेले. मग वाळलेल्या मिरच्यांचे तुकडे ओतले, ते तोंडाशीच अडकले. माझ्या तक्त्यांपेक्षा ते सगळ्यांच्या जास्त लक्षात राहिले. आता मी प्रत्येक ठिकाणी नरसाळे घेऊन जाते.

हा आजार संसर्गाने होत नाही. एका ताटात जेवून, एका पांघरुणात झोपून कोणाला होत नाही. तो आई आणि वडील दोघांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. वाहक, म्हणजे एएस पॅटर्न, हा आजारी नसतो. त्याने शिकावे, धावावे, पोहावे. खूप श्रमाच्या वेळी पाणी भरपूर प्यावे, एवढेच. ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगते, कारण एका शाळेत यादीत नाव दिसले म्हणून चार वाहक मुलांना कबड्डीतून काढून टाकले होते. आणि हा काही 'आदिवासींच्या रक्तातला दोष' नाही. वाहक असलेल्या मुलाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या हा गुण टिकून राहिला. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठी तो असाच आढळतो.

वैद्यकशास्त्रात या आजाराची पहिली नोंद १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केली. त्यांचा रुग्ण वॉल्टर क्लेमेंट नोएल हा कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला विद्यार्थी होता. १९०४ च्या डिसेंबरमध्ये, शिकागोच्या थंडीत, तो रुग्णालयात दाखल झाला. उबदार गावातून थंड शहरात शिकायला आलेले, घरापासून दूर राहणारे मूल! हे वाचले तेव्हा मला ती धडगावची मुलगीच आठवली. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. वसतिगृहातले कोणी मुद्दाम मुलांना त्रास देत नाही. पण वसतिगृहाची शिस्त आणि या आजाराची गरज यांचे एकमेकांशी जमत नाही. या मुलांना पाणी सतत लागते, कारण अंगातले पाणी कमी झाले की पेशी वाकतात. पण त्यांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे लघवीलाही वारंवार जावे लागते. वर्गात "सुट्टीत जा" असे दोनदा ऐकले की मूल पाणीच प्यायचे बंद करते. शिक्षकांना वाटते शिस्त लागली. आणि चार दिवसांनी झटका येतो.

रात्री अंथरूण ओले होणे हेही याच कारणाने घडते, कधी बारा-तेरा वर्षांपर्यंत. एका ठिकाणी अशा मुलाची गादी सगळ्यांसमोर गच्चीवर वाळत घालायची आणि ती त्यालाच उचलून न्यायला लावायची पद्धत होती. गृहपालांना कारण समजले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गादीवर रबरी चादर आली आणि रात्री एकदा उठवायचे काम वॉचमनकाकांकडे गेले.

पहाटे पाचची थंड पाण्याची अंघोळ हा तर पुण्याच्या थंडीत मोठाच प्रश्न आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. सोलरचे गरम पाणी पहिल्या वीस मुलांना पुरते, आणि नवीन मुले रांगेत नेहमी शेवटी असतात. उपाय साधा आहे: या दोन-तीन मुलांना पहिल्या बादल्या, किंवा शाळेतून आल्यावर दुपारी अंघोळ. पावसात भिजले तर कपडे लगेच बदलायचे. सिंहगडाची सहल असेल तर मूल खुशाल न्यावे; पण गाडीने वर न्यावे, किंवा सावकाश, बसत-बसत, पाण्याची बाटली हातात देऊन. पीटीच्या तासाला त्याला स्वतः थांबावेसे वाटले तर थांबू द्यावे आणि त्यासाठी कारण विचारू नये.

वेदनेचा प्रश्न सगळ्यात अवघड. बाहेरून काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. गणिताच्या परीक्षेच्या आदल्या रात्री पोट दुखते म्हणणारी मुले गृहपालांनी शेकड्याने पाहिलेली असतात. "ढोंग करतोय का, कसे ओळखायचे?" हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो, आणि तो प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे, की ओळखायचा प्रयत्नच करू नका. मुलाला एक ते दहामध्ये आकडा विचारा, वेळेसह वहीत लिहा, पाणी द्या, शेक द्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीतली गोळी द्या, आणि तासाभराने पुन्हा विचारा. दहादा फसलात तर एका परीक्षेचे नुकसान होईल. एकदा उलटे फसलात तर काय होईल ते मी सांगायला नको.

शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीबद्दलही सांगायला हवे. इतर मुलांसाठी ती चांगलीच. पण सिकलसेलग्रस्त मुलाचे रक्त कमी असते ते लोह कमी म्हणून असतेच असे नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह आधीच जास्त असू शकते. तेव्हा त्याला ही गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. फॉलिक अॅसिड मात्र बहुतेकांना रोज लागते. पुष्कळ मुलांना हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध रोज घ्यावे लागते. त्याने झटके कमी होतात. पण ते नियमाने घ्यावे लागते आणि ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते. दिवाळीच्या सुट्टीत मूल गावी जाते, औषध इथेच राहते, आणि नोव्हेंबरमध्ये ते आजारी होऊन परत येते. म्हणून सुट्टीच्या आधी पिशवीत औषध घातले का, हे कोणी तरी पाहायला हवे.

आमचे पहिले प्रशिक्षण सपशेल फसले. शनिवारी सकाळी मुख्याध्यापक, बावीस शिक्षक आणि प्रोजेक्टर. डॉक्टर उत्तम बोलले. सगळ्यांनी हजेरीपत्रकावर सह्या केल्या, चहा-बिस्किटे झाली, फोटो निघाले. पुढच्याच महिन्यात त्याच संस्थेच्या वसतिगृहात एका मुलाला रात्री ताप आला आणि त्याला सकाळी सातपर्यंत कोणी हलवले नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या बावीस जणांपैकी एकही जण रात्री वसतिगृहात नसतो. रात्री तिथे असतात एक वॉचमन, एक मावशी, आणि आठवड्यातून पाच दिवस गृहपाल. वॉचमनने मुलाचे अंग तापलेले पाहिले होते. मी त्यांना विचारले, "काका, फोन का नाही केलात?" ते म्हणाले, "मॅडम, मी कोण डॉक्टरकडे नेणार? उद्या वाटेत काही झालं तर माझ्यावर येईल. आणि रिक्षाचे पैसे कोण देणार?"

या एका उत्तरात आमच्या पुढच्या सगळ्या कामाचा आराखडा होता. काकांना माहिती हवीच होती, पण त्याआधी परवानगी हवी होती, आणि खिशात दीडशे रुपये हवे होते.

तेव्हापासून आम्ही रात्रीचे जेवण झाल्यावर, स्वयंपाकघरातच बसतो. स्वयंपाकी, मावशी, वॉचमन, गृहपाल, आणि सरकारी आश्रमशाळा असेल तर कामाठी आणि चौकीदारही. दीड तास, पंधरा दिवसांनी पुन्हा एक तास. प्रोजेक्टर नाही. पहिली वीस मिनिटे फक्त थर्मामीटर. हसू नका. डिजिटल थर्मामीटरवरचा दशांश वाचणे, तो शिट्टी वाजेपर्यंत काखेत ठेवणे, आणि ताप मोजण्याआधी तापाची गोळी न देणे, या तीन गोष्टी हाताने केल्याशिवाय येत नाहीत. गोळी आधी दिली की ताप झाकला जातो आणि डॉक्टरांची फसगत होते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत '१०१' लिहून ठेवतो. सिकलसेलग्रस्त मुलाचा ताप १०१ फॅरेनहाइटला पोचला, की सकाळची वाट पाहायची नाही. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साध्या वाटणाऱ्या तापामागे रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग असू शकतो आणि काही तासांत मूल दगावू शकते.

ताप सोडून आणखी काही खुणा आम्ही पाठ करून घेतो: छातीत दुखून धाप लागणे, अचानक पांढरेफटक पडणे आणि पोटाची डावी बाजू फुगणे, तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, औषध आणि शेक देऊनही न थांबणारी वेदना. यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन. मुलांच्या वसतिगृहात एक गोष्ट पुरुष कर्मचाऱ्यांना वेगळे बसवून सांगावी लागते. वयात येणाऱ्या मुलांना या आजारात लिंगाला वेदनादायक ताठरता येऊ शकते. ती तासन्‌तास उतरत नाही आणि लाजेपोटी मूल कोणालाच सांगत नाही. त्यात वाईट चालीचा काही संबंध नसतो. तो आजाराचाच भाग आहे आणि लगेच रुग्णालयात जायची वेळ आहे. हे मी पाळकांसमोरही सांगितले आहे, म्हणून इथेही लिहिते.

मग येतो तो कागद. प्रत्येक मुलासाठी अर्धे पान. आजाराचे नाव, रोजचे औषध, दुखले तर कोणती गोळी किती, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, पालकांचा आणि गृहपालांचा फोन, आणि शेवटी एक वाक्य: 'वरील खुणा दिसल्यास कामावर हजर असलेल्या कोणत्याही कर्मचाऱ्याने, वरिष्ठांची वाट न पाहता, मुलास रुग्णालयात न्यावे.' खाली डॉक्टर, पालक आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या. एक प्रत वॉचमनच्या खणात, सोबत पाकिटात पाचशे रुपये. हे पाकीट तुमच्या वर्गणीतून भरले जाते. या शेवटच्या वाक्यावर सही घेण्यासाठी एका संस्थेत मला सहा फेऱ्या माराव्या लागल्या. व्यवस्थापनाला भीती, की अशी सही म्हणजे जबाबदारी अंगावर घेणे. मी एवढेच म्हणत राहिले, की मूल तुमच्या छपराखाली झोपते तेव्हाच जबाबदारी आली आहे.

ही भीती निराधार नाही, हेही मान्य करायला हवे. महाराष्ट्रातील आश्रमशाळांतल्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा डॉ. सुभाष साळुंखे समितीने अभ्यास केला आणि २०१६ मध्ये अहवाल दिला. सुमारे पंधरा वर्षांतले एक हजाराहून अधिक मृत्यू. ते सगळे सिकलसेलचे नव्हते. साप, बुडणे, ताप, अपघात, सगळेच त्यात आहे. पण असा आकडा बाहेर आला की खालचा कर्मचारी आणखी घाबरतो आणि 'आपण हात लावायचा नाही' हे धोरण पक्के होते.

स्वयंपाकघरात बसण्याचे आणखी एक कारण आहे. मूल जेवले नाही हे पहिल्यांदा मावशींना कळते. २०१८ मध्ये शासकीय आदिवासी वसतिगृहांत खानावळीऐवजी जेवणाचे पैसे थेट खात्यात देण्याचा निर्णय लागू झाला, तेव्हा मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. त्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या. मला त्यात हेही दिसले, की खानावळ गेली की "आज ताट का परत आले?" विचारणारे माणूसही जाते.

मधुमेह आणि फेफरे यांबद्दल त्याच बैठकीत थोडक्यात सांगतो. इन्सुलिन घेणारे मूल अचानक घामाघूम, थरथरते, चिडचिडे किंवा गोंधळलेले दिसले तर साखर कमी झाली असे समजून शुद्धीत असतानाच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, १०८. फेफरे आले तर चप्पल आणि कांदा हुंगवायचा नाही, दातांत चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचे, डोक्याखाली काही मऊ ठेवायचे, घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांहून जास्त चालले तर रुग्णालय. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये शिक्षण मंडळांना पत्र लिहून, मधुमेही मुलांना वर्गात आणि परीक्षेत साखर मोजू द्यावी, खाऊ आणि इन्सुलिन जवळ ठेवू द्यावे, असे सांगितले. हे पत्र बहुतेक पर्यवेक्षकांनी पाहिलेले नसते. छापून न्यावे.

सिकलसेलच्या मुलांसाठीही बरेच काही कागदावर आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत सिकलसेल आहे. शाळांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे ध्येय आहे. तपासणीने कार्ड मिळते. पण ते कार्ड पेटीच्या तळाशी गेले तर काय होते, ते मी वर लिहिलेच आहे.

कार्ड पेटीत का जाते? त्या मुलीने मला नंतर सांगितले, "ताई, कळलं तर परत पाठवतील. आणि लग्न होणार नाही." दोन्ही भीती खऱ्या आहेत. प्रवेशाच्या वेळी आजार लपवणारे पालक मी पाहिले आहेत, आणि आजार कळल्यावर "आमच्याकडे सोय नाही" म्हणणारी शाळाही पाहिली आहे. म्हणून यादी सूचनाफलकावर लावू देत नाही. वर्गात जाहीर करत नाही. कोणाला सांगायचे ते मुलालाच विचारतो. बहुतेक मुले एका शिक्षकाचे, एका मावशीचे आणि एका मैत्रिणीचे नाव सांगतात. तेवढे पुरते. पालकांशी बोलताना पावरी किंवा भिली बोलणारे कोणी सोबत असेल तर फरक पडतो. फोनवर "बरं बरं" म्हणणारे वडील स्वतःच्या भाषेत पाऊण तास बोलले आणि मोठा मुलगा कसा गेला ते त्यांनी सांगितले, असे माझ्यासमोर घडले आहे.

आणि आपल्याच लोकांसाठी एक गोष्ट. आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभेनंतर 'आता विश्वासाने औषध सोड' असे कोणी तरी सांगितलेली दोन मुले माझ्याकडे आली. दोघेही त्यानंतर दाखल झाले. मी प्रार्थना करणारी बाई आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. औषधाची डबी हातात धरून प्रार्थना करा, आणि मग त्यातले औषध द्या. भगत किंवा देवऋषीकडे जाणाऱ्यांना आपण नावे ठेवतो; मग आपल्या व्यासपीठावरून असे बोलले जाते तेव्हा पाळकांनी थांबवायला हवे.

सध्या काय लागते, तेही लिहिते. डिजिटल थर्मामीटर आणि त्याचे सेल, प्रत्येक मजल्यावर एक. गरम पाण्याच्या पिशव्या, कापडी खोळीसह. खोळ नसेल तर चटका बसतो. रबरी चादरी. नाव लिहिता येईल अशा लिटरभराच्या बाटल्या. पावरी, भिली, गोंडी किंवा कोरकू बोलणारे, पुण्यात राहणारे कोणी महिन्यातून दोन संध्याकाळ देऊ शकत असेल तर त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. याची गरज पैशांहून मोठी आहे. नवीन मुले जूनमध्ये येतात, म्हणून पुढची बैठक शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात ठेवली आहे.

गेल्या थंडीत रात्री पावणेदोनला माझा फोन वाजला. तेच वॉचमनकाका. "मॅडम, एकशे एक पॉइंट चार. दोनदा मोजला. गोळी दिली नाही. रिक्षात बसलोय, कागद घेतलाय. गृहपाल सरांना तुम्ही सांगा, माझा बॅलन्स संपत आलाय."